सुतक न कळलेली प्रत

त्या मंगळवारी सकाळी वनमालाबाईंनी चहा ठेवला नाही. प्रणिताला आधी वाटलं, दूध नासलं असेल. दूध नासलं की आई दिवसभर दुधावर, दूधवाल्यावर आणि एकूणच जमान्यावर चिडलेली असायची. चिडलेली आई प्रणिताला आवडायची. चिडायला माणूस जागेवर असावं लागतं.

पण ओटा कोरडा होता, पातेलं पालथं होतं आणि आई मागच्या दारात पायरीवर बसली होती. केस सुटलेले, हात मांडीत टाकून दिलेले.

"आई, काय झालं?"

"लोकं कुठं गेले व?"

"कोणते लोक?"

"काल घरात पाय ठेवाले जागा नव्हती. तुह्या मावश्या होत्या, बदनेऱ्याचे होते." बोलता बोलता त्या थांबल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "पनू, हर्षल काल गेला न?"

हर्षल म्हणजे प्रणिताचा धाकटा भाऊ. मोटारसायकलवरून जाताना ट्रकने उडवला, त्याला अडीच वर्षं होऊन गेली होती. दिवाणखान्यात त्याचा फोटो होता, त्यावरचा हार वनमालाबाई स्वतःच दर महिन्याला बदलत.

प्रणिता पायरीवर टेकली. "अडीच वर्षं झाली, आई."

"थे माहीत हाये मले. वर्षश्राद्ध मीच केलं न? थेही आठवते. पण काल झालं थेही आठवते." वनमालाबाईंनी लेकीकडे असं पाहिलं, की जणू हिशेबात चूक त्यांची नव्हेच, दुनियेची आहे. "दोन्ही खरंच हाये. आता मी काय करू?"

काय करायचं हे खरं तर प्रणिताला माहीत असायला हवं होतं. तिचा पगारच त्याचा होता.

सहा वर्षांपूर्वी वनमालाबाईंना मेंदूज्वर झाला. ज्वर उतरला, माणूस वाचलं, पण मेंदूतला बोटाच्या पेराएवढा एक भाग करपून गेला. हा भाग म्हणजे डोक्यातली पोस्टाची खिडकी समजा. दिवसभरात जे घडेल त्याच्यावर शिक्का मारायचा आणि ते ज्या त्या पत्त्यावर पाठवून द्यायचं, हे त्याचं काम. खिडकीच बंद पडली, की जुनी पत्रं घरात जिथल्या तिथे असतात, नवं एकही येत नाही. वनमालाबाईंना स्वतःचं लग्न आठवायचं, लेकरांचे ताप आठवायचे, तासाभरापूर्वी जेवल्याचं आठवायचं नाही.

मग त्यांच्या कानामागे, कवटीच्या आत, तुरीच्या डाळीएवढा 'सांधा' बसवला. सांधा काही दिवसाची फिल्म काढत नाही. एखादी गोष्ट घडताना मेंदूतल्या कोणत्या पेशी कोणत्या क्रमाने चमकल्या, एवढंच तो टिपून ठेवतो, आणि वेळ आली की त्याच पेशींना त्याच क्रमाने टोचणी देतो. मेंदू म्हणतो, अरे हो, आठवलं. त्यामुळे ती फाइल दुसऱ्या कोणी उघडली तर नुसते आकडे दिसतात. कुलूप आणि किल्ली दोन्ही त्या एकाच माणसाच्या डोक्यात.

डाळीएवढ्या वस्तूत जागा ती केवढी! म्हणून माणूस झोपलं की सांधा दिवसभराचा माल सर्व्हरवर पाठवतो आणि जुनं लागेल तसं मागवून घेतो. वऱ्हाडातल्या पेशंटांचे सर्व्हर तीन ठिकाणी होते: अमरावतीला सांधा केंद्रात, नागपूरला, आणि वर चिखलदऱ्याला, कारण तिथल्या गारव्यात यंत्रं थंड ठेवायला वीज कमी लागते. तिन्ही सर्व्हर एकमेकांशी सतत ताळा करत राहायचे. याला सिंक म्हणतात, आणि लोक त्याला बॅकअप समजतात. प्रणिता त्याच केंद्रात कामाला होती. नव्या पोरांना ती सांगायची, "सिंक म्हणजे जुळी भावंडं. एकाला लागलं की दुसरं रडतं. बॅकअप म्हणजे माहेर. तुमचं जुनंपानं तिथे तसंच पडून असतं, कोणी हात लावत नाही. आपल्या साहेबांनी खर्च वाचवायला माहेर बंद केलंय, तिन्ही जुळ्यांवरच कारभार चाललाय."

पोरं हसायची. तीही हसायची.

सांध्यात एक गोम होती, ती आधी कोणाच्या लक्षात आली नाही. तुमच्याआमच्या डोक्यात आठवण काढली, की ती हाताळल्यासारखी थोडी मऊ पडते आणि परत ठेवताना आपण ती जराशी बदलून ठेवतो. शंभरदा काढली की कडा झिजतात. काळ हे औषध आहे म्हणतात ना, त्या औषधात काळ कमी आणि हे हाताळणंच जास्त असतं. सांधा मात्र रोज झोपेत सर्व्हरवरच्या मूळ प्रतीशी ताडून बघायचा आणि जिथे झीज झाली असेल तिथे डागडुजी करायचा. त्याच्या कंपनीला याचा फार अभिमान होता.

म्हणून हर्षलच्या मरणाचा दिवस वनमालाबाईंच्या डोक्यात दीड वर्ष पहिल्या दिवसासारखाच राहिला. भरत आलेली जखम वाळायच्या आत रोज कोणीतरी इमानदारीने पुन्हा उघडून ठेवावी, तसा. त्या जेवेनात, आंघोळीला उठेनात. वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. शेवटी डॉक्टर रेवतकर बाईंनीच सुचवलं, तो एक दिवस काढून टाकू. मुलगा गेला हे त्यांना माहीत राहील, तेरावं आठवेल, फक्त तो दिवस टोचणार नाही. आईच्या वतीने सही करायचा अधिकार प्रणिताकडे होता. तिने सही केली आणि स्वतःच्या हाताने फाइल पुसली. आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सांगितल्याची आठवण सांध्यात गेली असती, मग पुसून उपयोग काय?

गेल्या आषाढातली ही गोष्ट. त्यानंतर आई जेवायला लागली, दूधवाल्याशी भांडायला लागली. फक्त एक प्रश्न तिने नव्याने धरला होता.

"शेवटचं पानी कोनी पाजलं व त्याले?"

"तूच, आई, दवाखान्यात. मी दारात होते. पाहिलंय मी."

"मंग मले आठवत काहून नाई?"

काय सांगणार? पहिल्यांदा प्रणिता म्हणाली, धक्क्याने. दुसऱ्यांदा म्हणाली, तापामुळे. तिसऱ्यांदा आईने तिच्या तोंडाकडे पाहून नुसती मान हलवली. "तू मले बरं वाटावं म्हनून सांगतं." पुढे पुढे शेजारच्या बायकांना त्या सांगू लागल्या, "मी पोचलीच नाई त्याच्याजवळ. माय असून पानी नाई पाजू शकली." आणि हे सांगून झाल्यावर चांगल्या दोन पोळ्या जेवायच्या. प्रणिता वाढायची.

आता तो दिवस परत आला होता.

मंगळवारी केंद्रात पोचल्याबरोबर प्रणिताने आईचं खातं उघडलं. तो दिवस तिथे होता, जागेवर, तिने पुसलाच नसावा असा. वर 'नवीन' अशी खूण. सांधा 'नवीन' खूण असलेलं सगळं कालचं म्हणूनच सादर करतो, म्हणून आईला ते काल झाल्यासारखं वाटत होतं. प्रणिताने कोणाला काही न सांगता फाइल पुन्हा पुसली, तिन्ही सर्व्हरांनी 'मिळालं' म्हणून कळवलं, आणि घरी जाताना तिने आईसाठी बर्फी घेतली. बर्फी कशाला घेतली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातून हुंदका ऐकू आला.

आई ओट्याला धरून उभी होती. रडत होती, पण कालच्यासारखी नाही. तोंडावर काहीतरी वेगळंच होतं, रडणं आणि दुसरं काहीतरी एकाच वेळी.

"मीच पाजलं व पनू! बाटलीच्या झाकनानं. नर्सबाई नाई म्हने, मी म्हटलं, सरक तू. व्हट ओले झाले त्याचे. मले सगळं दिसून रायलं. मी होती. मी पोचली होती."

प्रणिताने आईला मिठीत घेतलं. आई तशीच मिठीत थोडा वेळ थरथरली, आणि मग थरथर थांबली. प्रणिताला ते थांबणं आवडलं नाही.

"मंग इतके दिवस मले काहून आठवत नव्हतं?"

प्रणिता डबा पिशवीत टाकू लागली.

"मी विचारून रायली तुले."

"ऑफिसला उशीर होतोय, आई."

"तुह्या हापिसातच गेलं होतं का थे?" वनमालाबाई शिकलेल्या चौथीपर्यंत, पण लेकीच्या तोंडावरचं त्यांना कायम चष्म्याशिवाय वाचता आलं.

प्रणिता चप्पल घालून निघून गेली. रस्ताभर तिने स्वतःला एकच काम दिलं. पुसलेलं परत येतंय कुठून? यंत्राचा दोष शोधणं बरं असतं. यंत्र उलट विचारत नाही.

पुसणं ही सोपी गोष्ट नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही. तीन सर्व्हरांपैकी एकावरून फाइल नुसती उचलली, तर बाकीचे दोघं म्हणतात, अरे, याच्याकडे ही नाही, बिचाऱ्याला देऊन टाकू. म्हणून फाइल गेली की तिच्या जागी एक खूण ठेवायची: ही गेलेली आहे, परत देऊ नका. या खुणेला केंद्रात 'सुतक' म्हणायचे. कोण्या जुन्या माणसाने थट्टेत ठेवलेलं नाव, पण चपखल. सुतक सगळ्यांना कळलं, सगळ्यांनी पाळलं, की काही महिन्यांनी ते फिटतं. खूण पुसून टाकतात, नाहीतर सर्व्हरवर गेलेल्यांच्याच खुणा साचतील. पण या काळात एखादा सर्व्हर संपर्काबाहेर असला, तर? त्याला कोणी गेल्याची बातमीच नाही. तो सुतक फिटल्यावर परत येतो, त्याच्या हातात ती फाइल असते, आणि बाकीच्यांना वाटतं काहीतरी नवीन आलं. माणसांत निदान उशिरा कळलं तरी आंघोळ करतात. यंत्राला तेवढीही रीत नाही.

प्रणिताने चिखलदऱ्याला फोन लावला. तिथल्या सर्व्हरघरात गुल्हाने नावाचा एकुलता एक माणूस असायचा. जन्माने मोर्शीचा, थंडी त्याला कधीच मानवली नाही, पण बायको वरच्या शाळेत शिकवायची म्हणून तोही वर.

"गुल्हाने, तुमची लाइन कधी जोडली?"

"सोमवारी संध्याकाळी, ताई! तुमाले कोनी सांगतलं नाई? पार आषाढापासून बंद. दरड आली, केबल गेली. खोदाले वनखात्याची परवानगी, वनखातं म्हने वाघाचा रस्ता हाये. वाघानं सही केली तवा कुठं गड्डे झाले."

"आषाढात नक्की कधी गेली?"

त्याने सांगितलं. प्रणिताने पुसलं त्याच आठवड्यात.

"ठीक. पण मी काल पुन्हा पुसलं. तुमच्याकडून 'मिळालं' असं उत्तर आलं. मग आज परत कसं?"

बराच वेळ फोनमध्ये कळफलकाचा आवाज येत राहिला. मग गुल्हाने म्हणाला, "ताई, तुमच्याकडं आज बुधवारच न?"

"हो."

"मग ह्ये पाहा गंमत. इथं शुक्रवार हाये."

लाइन नसल्यामुळे चिखलदऱ्याच्या सर्व्हरला बाहेरून वेळ मिळत नव्हती आणि त्याचं आतलं बिघडलेलं घड्याळ महिनोन् महिने थोडं थोडं पुढे पळत राहिलं होतं. लाइन जोडल्यापासून तो रोज रात्री जे जे पुढे करी त्याच्यावर स्वतःचीच तारीख घाली, उद्या-परवाची. आणि सिंकचा कायदा साधा असतो: दोघांत वाद झाला तर ज्याची तारीख नंतरची, तो खरा. प्रणिताने मंगळवारी पुसलं. चिखलदऱ्याकडची फाइल गुरुवारची होती. मंगळवारचं मरण गुरुवारी जिवंत असलेल्याला कसं लागू होणार?

"घड्याळ दुरुस्त करू का, ताई? दोन मिनिटाचं काम हाये. मंग तुमी पुसा, पार साफ."

"थांबा," प्रणिता म्हणाली. "मी सांगेपर्यंत हात लावू नका."

कारण समजलं होतं. इलाज हातात होता. अशा वेळी तिला एरवी चहाची तल्लफ यायची. आज नुसतं ओठांना कोरड पडल्यासारखं झालं, आणि त्याबरोबर बाटलीचं झाकण आठवलं.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. सही सांगितली, पुसणं सांगितलं. आई भाजी निवडत होती. मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज शेवटपर्यंत चालू होता.

"तू जेवत नव्हतीस, आई. मरायला टेकली होतीस."

"हो, नव्हती जेवत. माय हाये मी."

"मग मी काय करायला पाहिजे होतं?"

"विचाराले पाहिजे होतं." काडी मोडली. "विचारलं असतं तं मी काय म्हटलं असतं, थे सांगू? मी म्हटलं असतं, ने बाई, ने थो दिवस, मले सोसवत नाई. मीच देल्ला असता. पण तुनं मागतलाच नाई. घरात चोर आला तं मानूस बोंबलते तरी. मले तं चोरी झाली थेही ठाऊक नाई. आन् मी सगळ्या गल्लीत सांगत फिरली, का मी पानी नाई पाजलं." आता त्यांचा आवाज फाटला. "माह्याच तोंडानं मले खोटं बोलाले लावलं तुनं."

मेथी निवडून झाल्यावर आईने ताट तिच्याकडे सरकवलं. धुवून आण, असं. एवढ्यावर बोलणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी रेवतकर बाईंच्या दवाखान्यात वनमालाबाईंनी सरळ सौदा मांडला. "डॉक्टरीनबाई, पानी पाजल्याचं तेवढं ठेवा. बाकीचं न्या."

रेवतकर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजी, हे कापडासारखं कापता येत नाही हो. स्वेटरसारखं विणलेलं असतं. त्यातला एक टाका ठेवून बाकीचा उसवायचा म्हटलं तर हातात लोकरच येते."

"म्हंजे सगळं ठेवा, नाई तं सगळं न्या."

"हो. आणि ठेवलं तर ते असंच राहील. आज जेवढं दुखतंय तेवढंच पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. मागे काय झालं होतं ते प्रणिताला विचारा."

वनमालाबाईंनी प्रणिताला विचारलं नाही. दोन दिवस त्या लेकीशी कामापुरतंच बोलत होत्या. मीठ दे, दार लाव. सकाळी उठलं की आधी तासभर रडणं, मग 'मी पोचली होती' असं भिंतीला सांगणं, मग पुन्हा रडणं. घास तोंडाजवळ नेऊन परत ठेवत. प्रणिता हे सगळं ओळखत होती. असंच सुरू झालं होतं.

तिसरा मार्ग तिला तिथेच, न जेवलेल्या ताटासमोर सुचला. सुचला म्हणण्यापेक्षा, इतकी वर्षं ज्याच्याविरुद्ध ती नव्या पोरांना दटावत होती, तोच समोर येऊन उभा राहिला. कुठल्याही गोष्टीची एकुलती एक प्रत कधी ठेवायची नाही. केंद्राच्या भिंतीवर हे वाक्य फ्रेम करून लावलेलं होतं.

आणि ठेवली तर? तो दिवस तिन्ही सर्व्हरांवरून काढला आणि फक्त आईच्या सांध्यात राहू दिला, तर झोपेत ताडून बघायला मूळ प्रतच नसेल. डागडुजी होणार नाही. आई आठवण काढेल, काढता काढता ती झिजेल, बदलेल, मऊ पडेल. सगळ्यांची पडते तशी. फक्त पुन्हा कुठून आणता येणार नाही. सांधा बिघडला, तर गेलीच. न बिघडता झिजून झिजून संपली, तरी गेली.

तिने आईला विचारलं. या वेळी विचारलं.

वनमालाबाईंनी नीट ऐकून घेतलं. दोनदा मध्येच 'म्हंजे?' म्हणाल्या. मग म्हणाल्या, "झिजू दे. झिजल्याबिगर जोडा पायाले बसत नाई."

चिखलदऱ्याचं घड्याळ अजून दोन दिवस पुढे होतं म्हणून हुकूमही तिथूनच द्यायला हवा होता. इथून दिलेला पुन्हा जुना ठरला असता. शनिवारी प्रणिता आईला घेऊन गाडीने वर गेली. परतवाड्यानंतर घाट लागला, जिथे दरड आली होती तिथे मातीचा लाल ओरखडा अजून ओला होता. वर पोचेपर्यंत धुकं इतकं दाटलं, की सर्व्हरघराचा पत्रा हाताशी येईपर्यंत दिसला नाही.

गुल्हाने माकडटोपी घालून दारातच उभा होता. "या आजी. कॉफी घेता? इथलीच हाये, मळ्यातली."

"कुठं ठेवलं हाये माह्या पोराले?"

गुल्हाने गडबडला. त्याने प्रणिताकडे पाहिलं. प्रणिताने मान हलवली, तसा तो दोघींना आतल्या खोलीत घेऊन गेला. उंच उंच काळी कपाटं, हिरवे दिवे, आणि पिठाच्या गिरणीत असतो तसा एकसुरी आवाज. एका कपाटापाशी तो थांबला. "यात, आजी. म्हंजे... यातच म्हना."

वनमालाबाईंनी कपाटाला हात लावला. "गरम हाये व," त्या म्हणाल्या. बाहेर एवढा गारठा, आणि हे गरम. त्यांनी दुसराही हात लावला आणि कपाळ टेकवलं. गुल्हाने टोपीशी खेळत बाहेर गेला.

प्रणिता कळफलकासमोर बसली. आधी आईच्या सांध्याला सांगायचं: या एका फाइलीपुरतं कोणाचं ऐकू नको, कोणाला देऊ नको. म्हणजे सगळीकडे सुतक लागेल, फक्त त्याच्यापर्यंत ते जाणार नाही. मग इथून, पुढच्या तारखेने, पुसायचं. मग नागपूर आणि अमरावतीने मानलं का ते पाहायचं. मग घड्याळ दुरुस्त करायचं.

"ताई," गुल्हाने दारातून म्हणाला, "ह्ये तुमच्या नावावर लागंल. एकच प्रत ठेवनं म्हंजे... तुमाले काय सांगावं."

"लागू द्या." ती आईकडे वळली.

"पुसू, आई?"

आई कपाटाशीच होती. "थांब जरा," म्हणाली. थोड्या वेळाने, पाठ न वळवता, "हं," म्हणाली.

पुसलं. हिरवे दिवे हिरवेच राहिले. असल्या वेळी काहीतरी तरी व्हावं, असं प्रणिताला वाटलं. काही झालं नाही. गुल्हानेने घड्याळ मागे आणलं, आणि चिखलदऱ्याला पुन्हा शनिवार झाला.

चौकशी झालीच. प्रणिताची रवानगी बिलाच्या विभागात झाली आणि सर्व्हरपर्यंत पोचणारे तिचे सगळे अधिकार काढून घेतले. चौकशीतल्या तरुण अधिकाऱ्याने चांगुलपणाने विचारलं, की मॅडम, ती फाइल आम्ही सांध्यातून परत वर घेऊ का, पेशंटचं नुकसान नको. प्रणिताने आईकडून 'नको' असा अंगठा आणून दिला. चौथीपर्यंत शिकलेल्या आईने सही येत असून अंगठा का दिला, हे तिने विचारलं नाही.

पहिले काही महिने वाईट गेले. डॉक्टर म्हणाल्या होत्या तेवढंच दुखत राहिलं, लगेच काही झिजलं नाही. बांगड्या पुन्हा कोपराकडे चढल्या. प्रणिताला कितीदा वाटलं, आपण आईला मारतोय आणि त्याला तिची परवानगी म्हणतोय. मग एका सकाळी चहा ठेवलेला होता. मग दोन दिवस नव्हता. मग पुन्हा होता. रडण्याचा तास अर्धा झाला, आणि एकदा आई रडता रडता मध्येच उठून कुकरची शिट्टी बंद करून आली. लेकीशी बोलणंही परतलं, पण सगळं नाही. आपल्या कपाटाची किल्ली ती आता कमरेला लावू लागली होती. कपाटात पातळांशिवाय काही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. आई आपणहूनच बोलायला लागली. आजकाल ती त्या दिवसाबद्दल अशी बोलायची, कामाच्या ओघात, डोळ्यांना पदर न लावता.

"पानी पाजलं न मी, तवा त्यानं डोळे उघडले."

प्रणिताने पुढचा पापड अंथरला.

"उघडले आन् माह्याकडं पाह्यलं. नीट पाह्यलं व, ओळखीचं."

हर्षलने डोळे उघडले नव्हते. प्रणिता दारात होती. डोळ्यांवर पट्टी होती, कपाळापासून खाली. की पट्टी फक्त कपाळाला होती? नर्स मध्ये उभी होती, आई वाकलेली होती, आणि आईच्या खांद्यावरून जेवढं दिसलं तेवढंच तिने पाहिलं होतं. तिने स्वतःच्या डोक्यात पुन्हा एकदा तो दरवाजा उघडला. या वेळी पट्टी पांढरी नसून पिवळट होती.

आयुष्यभर तिने दोन प्रतींतला फरक पकडण्याचं काम केलं होतं. फरक तिला लख्ख दिसत होता. खरी कोणती, हे सांगणारी मूळ प्रत मात्र आता कुठल्याच गावी नव्हती. आईचं झिजणं सुरू झालं होतं. तिने मागितलं होतं तसंच.

"पापड उलटव, तडकतीन," आई म्हणाली.

प्रणिताने पापड उलटवला. मग तिने विचारलं, "मग? काही बोलला का तो?"

वनमालाबाई उन्हात डोळे बारीक करून आठवू लागल्या.